हरतालिकेला बऱ्या झालेल्या बायका

आकडा सहा आला, तेव्हा नितेश वानखडेने आधी पडद्याकडे पाहिलं आणि मग बायकोकडे. गेल्या पाच महिन्यांत तो आकडा कधी बावीसच्या खाली उतरला नव्हता. आठाच्या खाली आला की माणूस बरा, असा नियम होता.

"सहा?" त्याने विचारलं. "सोळा तर नाही ना?"

"सहाच, साहेब," फैजानभाई म्हणाले. अकोल्याच्या रामदासपेठेतल्या या मानसोपचार केंद्रात 'कानोसा' नावाचं यंत्र चालवायचं काम त्यांच्याकडे होतं. "मुबारक हो. आता पेढे आणा."

काचेच्या खोलीचं दार उघडून तनुजा बाहेर आली. हिरवी साडी, हातभर चुडा, केसांत गजरा. सासूबाईंनी सकाळीच नटवून पाठवलं होतं. नितेशने सगळ्यांदेखत तिचे दोन्ही हात धरले. तिने ते धरू दिले.

प्रणिता तायडे काउंटरमागून हे पाहत होती. ती या केंद्राची समन्वयक आणि तनुजाची थोरली बहीण. इथे एका नव्या औषधाची चाचणी चालू होती आणि तनुजा त्या चाचणीतली पेशंट होती. नात्यातल्या पेशंटच्या तपासणीत हात घालायचा नाही, अशी प्रणितावर लेखी अट होती. म्हणून तनुजाच्या वेळी ती कायम लांबच थांबे. आज मात्र तिला राहवलं नाही. तिने पुढे येऊन बहिणीला मिठी मारली.

"ताई," तनुजा तिच्या कानाशी म्हणाली, "मला नाही वाटत तसं."

"कसं?"

"बरं."

प्रणिताने तिला दूर धरून नीट पाहिलं. "मनाला कळायला वेळ लागतो गं. आवाजाला आधी कळतं. कानोसा शब्द ऐकतच नाही, तुला माहितीये ना? तो आवाज ऐकतो."

"हो," तनुजा म्हणाली. "माहितीये."

मार्चमधल्या एका संध्याकाळी तनुजा दूध आणायला म्हणून घरातून निघाली आणि मोर्णा नदीच्या पुलावर सापडली. भाजी विकून परतणाऱ्या एका बाईने तिला बोलण्यात गुंतवून ठेवलं, म्हणून सापडली. घरात भांडण नव्हतं, कुणी गेलं नव्हतं, पैशाची ओढाताण नव्हती. कारण शोधणाऱ्यांना कारण मिळालं नाही. तेव्हापासून तिला एकटं सोडायचं नाही, असं ठरलं. नितेश मूर्तिजापूरजवळच्या एका सौर प्रकल्पात अभियंता होता. त्याने देखभाल रजा घेतली. अशी रजा हल्ली सहज मिळे, पण ती आकड्यावर मिळे. घरातल्या आजारी माणसाचा कानोशाचा आकडा आठाच्या वर असेल तोवर रजा चालू, खाली आला की बंद. केंद्राचा संगणक कंपनीच्या संगणकाला परस्पर कळवी. मध्ये माणूस नव्हता.

म्हणूनच नितेशचा फोन केंद्राच्या दारातच वाजला. 'हार्दिक अभिनंदन' पासून सुरू झालेला संदेश 'आज दुपारच्या पाळीला हजर राहावे' इथे संपत होता.

"आजच?" प्रणिताने विचारलं.

"सणाचे दिवस आहेत, ताई. माणसं कमी असतील." नितेश हसत होता. मार्चनंतर पहिल्यांदाच तो असा हसत होता. "जाऊ ना? घरी आई आहेच. आणि आता तर काय..." त्याने पडद्याकडे हात केला.

"जा की बिनधास्त. मी येतेच संध्याकाळी पूजेला."

तनुजा नवऱ्याच्या मागे चालू लागली.

हे यंत्र का आलं, ते कळायला थोडं मागे जावं लागेल. नैराश्यावरच्या औषधाची चाचणी घेणं अवघड, कारण नैराश्याला तापमापक नाही. निम्म्या पेशंटना खरी गोळी द्यायची आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच पोकळ गोळी, म्हणजे जिच्यात औषधच नाही अशी. कुणाला कोणती मिळाली हे पेशंटला कळू द्यायचं नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. मग प्रशिक्षित माणूस पेशंटशी बोलून त्याची झोप, भूक, उदासी, जगायची इच्छा यांना गुण देणार. अडचण अशी की पोकळ गोळीवालेही पुष्कळ सुधारत. आपली कुणीतरी आस्थेने चौकशी करतं आहे, एवढ्यानेही माणूस सावरतो. खऱ्या गोळीची आघाडी कित्येकदा दोन-तीन गुणांचीच निघे. ते गुण औषधाचे की गुण देणाऱ्याच्या हाताचे, यावर वर्षानुवर्षं वाद झडले. शिवाय ज्या चाचण्या फसत, त्यांतल्या कितीतरी छापल्याच जात नसत. वाचणाऱ्याला फक्त यशाच्या गोष्टी दिसत.

कानोसा हा वाद मिटवायला बनवला गेला. माणूस लाजतो, लपवतो, समोरच्याला बरं वाटावं म्हणून 'छान आहे' म्हणतो. तेव्हा यंत्राने शब्दांकडे लक्षच द्यायचं नाही, असं ठरलं. जुन्या चाचण्यांतल्या हजारो मुलाखतींची ध्वनिमुद्रणं त्याला ऐकवली. प्रत्येक मुलाखतीला तेव्हाच्या तज्ज्ञाने किती गुण दिले होते ते दाखवलं आणि सांगितलं, यातून शीक. यंत्र शिकलं. त्याचे आकडे तज्ज्ञांच्या आकड्यांशी असे जुळले, की ते नेमकं काय शिकलं हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. चाचण्यांतून ते दवाखान्यांत आलं, दवाखान्यांतून विमा कंपन्यांत आणि तिथून कचेऱ्यांत.

त्या दिवशी केंद्रात मोठी गर्दी होती. दुसऱ्या दिवसापासून गणपतीची सुट्टी, म्हणून आठवड्याच्या सगळ्या तपासण्या आजच उरकायच्या होत्या. अकोल्यात आल्यागेल्यापुढे आधी पाणी ठेवतात. केंद्राचाही तोच रिवाज होता. पेशंट आला की थंड पाण्याचा ग्लास, मग काचेची खोली. आज पुरुष पाणी प्यायले आणि बायकांनी ग्लासाला हात लावला नाही. हरतालिका होती. वऱ्हाडात हा उपास कडक असतो. अन्न तर नाहीच, पाण्याचा थेंबही नाही. प्रणितानेही पहाटेपासून पाणी घेतलं नव्हतं. जीभ कातड्यासारखी झाली होती, पण दर वर्षीच होते.

"आज बायांचा दिवस आहे, मॅडम," दुपार कलता कलता फैजानभाई म्हणाले. "जितक्या आल्या तितक्या पास. सगळ्या आठाच्या आत."

"सगळ्या?"

"एकूण एक. पुरुषांचं मात्र नेहमीचंच रडगाणं."

केंद्रप्रमुख डॉ. बोंद्रे चहाचा कप घेऊन तिथेच उभे होते. गोरे, गोलमटोल, कायम खुशीत असणारे गृहस्थ. "अरे, गौर पावली त्यांना!" ते म्हणाले. "हसू नकोस, प्रणिता. मेंदी, फुगड्या, जागरण, मैत्रिणी. याला सामाजिक आधार म्हणतात. यावर झकास शोधनिबंध होईल. लिहितेस का?"

"लिहू की, सर."

तेवढ्यात बाहेरच्या बाकावरून रडण्याचा आवाज आला.

ज्योत्स्नाबाई इंगळे बाळापूरच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांचा आकडा चार आला होता, दिवसातला सगळ्यांत चांगला. त्या बाकावर वाकून बसल्या होत्या आणि त्यांचा मुलगा मोटारसायकलची किल्ली बोटावर फिरवत समोर उभा होता.

"आई, चल ना आता. लोक पाहून राहिले."

"मले नाही जमत रे घरी जाणं. इथंच राहू दे मले."

"चार आहे आकडा तुझा. चार! डॉक्टरचाही एवढा कमी नसंल. आता कायचे नाटकं करून राहिली?"

"मंग हे काय आहे?" ज्योत्स्नाबाईंनी छातीवर मूठ आपटली. "मशीन म्हणते काही नाही. मंग हे इथं काय आहे?"

प्रणिता त्यांच्या शेजारी बसली. बाईंचे ओठ पांढरे पडले होते, दातांना चिकटत होते. प्रत्येक शब्दाला जीभ टाळूपासून सुटल्याचा बारीक आवाज येत होता. चट्. चट्.

तो आवाज प्रणिताच्या ओळखीचा होता.

कानोसा येण्याआधी याच केंद्रात माणसं गुण देत. प्रणिता त्यांतलीच एक. चहाच्या वेळी त्यांचा एक ठरलेला विनोद असे, 'पाणी मागितलं की गोळीवाला.' या औषधांनी तोंड कोरडं पडतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाला खरी गोळी मिळाली ते गुप्त असे, पण ओठ चाटणारा माणूस समोर बसला की गुपित उरत नसे. लबाडी कुणी करत नव्हतं. पण 'जराशी झोप लागते' असं कोरड्या ओठांचा माणूस म्हणाला की ती सुधारणा वाटे, आणि तेच ओल्या ओठांचा माणूस म्हणाला की तक्रार वाटे. एक-दोन गुण इकडेतिकडे. हे अकोल्यात झालं तसं सगळीकडे झालं असणार, कारण माणसं सगळीकडे सारखीच. आणि त्याच मुलाखती, त्याच गुणांसकट, यंत्राला ऐकवल्या होत्या.

यंत्राला प्रामाणिकपणे जे सापडलं, ते त्याने उचललं. कोरड्या तोंडाचा माणूस सुधारलेला असतो.

प्रणिताने बाईंचा हात धरला.

"ज्योत्स्नाताई," ती म्हणाली, "एक ग्लास पाणी प्या आणि पुन्हा एकदा आत बसा. माझ्यासाठी."

"आज?" बाईंनी रडणं थांबवून तिच्याकडे पाहिलं. "मेली तरी चालंल, मॅडम. आज पाणी नाही."

"बरं. मग इथून हलू नका. मी सांगेपर्यंत हलायचं नाही." मग ती मुलाकडे वळली. "आणि तू ती किल्ली खिशात टाक. आईजवळ बस."

ती थेट काचेच्या खोलीत गेली. "फैजानभाई, माझी तपासणी लावा."

"तुमची, मॅडम?"

"लावा."

काय बोलायचं हे ठरलेलं नसतं. कानोशापुढे सहा मिनिटं काहीही बोलायचं. प्रणिता मार्चमधल्या संध्याकाळविषयी बोलली. पुलाच्या कठड्यापाशी तनुजा कशी उभी होती, चपला कशा शेजारी शेजारी नीट काढून ठेवल्या होत्या, घरी आल्यावर ती कशी म्हणाली की ताई, दूध राहिलंच. बोलता बोलता प्रणिताला रडू फुटलं, आवाज फाटला. शब्द दातांत अडकत राहिले, चट्, चट्, आणि सहा मिनिटं संपली.

पडद्यावर पाच आले.

"इतकी आनंदी तर मी लग्नातही नव्हते," ती म्हणाली. "पाणी आणा."

फैजानभाई ग्लास घेऊन आले, पण हात मागेच राहिला. "मॅडम, उपास आहे तुमचा. भाऊजींसाठी असतो ना हा?"

प्रणिताच्या सासूबाई दर हरतालिकेला कथा सांगत. या दिवशी पाणी पिणारीला पुढचा जन्म जळवेचा. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, प्रणिताने एकदाही उपास मोडला नव्हता. कथेवर तिचा विश्वास होता असं नाही. पण नवऱ्याच्या जिवाशी खेळ कशाला, एवढं मनात असे.

तिने ग्लास घेतला आणि एका दमात रिकामा केला. पाणी घशातून उतरताना दुखलं. तिने दुसरा मागितला, तोही प्यायली, आणि पुन्हा तेच बोलली. तोच पूल, तोच कठडा, त्याच चपला.

एकवीस.

फैजानभाईंनी पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला. "रमजानमध्ये," ते हळू आवाजात म्हणाले, "आमच्या मोहल्ल्याचे पेशंट असेच बरे होतात. दर वर्षी. मी घरी सांगायचो, अम्मी, रोज्याची बरकत पाहा. आणि ईद झाली की पुन्हा..."

डॉ. बोंद्रे दारात येऊन उभे होते. "हे काय चाललंय?"

प्रणिताने सांगितलं. ते ऐकत गेले तसा हातातला कप कलत गेला.

"एका माणसावर दोन तपासण्या," ते म्हणाले. "याला पुरावा म्हणत नाहीत, प्रणिता. तुला शिकवायला नको."

"नाही म्हणत. पण सर, 'पाणी मागितलं की गोळीवाला' हे वाक्य कुणाचं?"

ते वाक्य त्यांचंच होतं. कोणता पेशंट खऱ्या गोळीवर आहे ते दोन मिनिटांत ओळखतो, अशी ते पूर्वी पैज लावत आणि जिंकत.

"म्हणजे गोळीचा उपयोगच नाही म्हणतेस?"

"गोळीचं मला माहीत नाही. असेलही उपयोग. पण ते कुणालाच माहीत नाही, सर. इतकी वर्षं आपण तोंडं मोजली." तिने फोन हातात घेतला. "आज बऱ्या ठरवलेल्या सगळ्या बायकांना परत बोलवा. आत्ता. आणि त्यांच्या घरी सांगा, एकटं सोडू नका."

"असं परस्पर नाही करता येत. आधी पुण्याच्या मुख्य कार्यालयाला विचारावं लागेल. ते म्हणाले तर..."

"विचारा. तोवर ज्योत्स्नाबाई इथेच राहतील."

ती तनुजाला फोन लावत होती. वाजून वाजून बंद झाला. नितेशचा बंदच होता, पाळीत फोन बाहेर ठेवावे लागत. तिसरा फोन तनुजाच्या सासूबाईंनी उचलला. मागून बायकांचा गलका येत होता.

"प्रणिता का? अवं, आम्ही नदीवर आलो, वाळू न्याले. गौर कराची ना. माही नात ओवी बी आहे माह्यासंग, लय खूश आहे पोट्टी."

"आई, तनुजा कुठे आहे?"

"घरीच. म्हटलं चाल, तर म्हणे थोडी पडतो. पडू दे म्हटलं. आता काय भेव? गौर पावली माय, पाच महिने हात जोडले मी तिच्यापाशी."

"तिच्याजवळ कोण आहे?"

"कोण पाह्यजे आता?" सासूबाई हसल्या. "बरी झाली ना वो ते."

प्रणिताने स्कूटर कशी काढली, हे तिला नंतर आठवलं नाही. तनुजाच्या घरचा, कौलखेडचा रस्ता एरवी दहा मिनिटांचा, पण आज चौकाचौकांत गणपतीच्या मूर्तींचे टेम्पो उभे होते, ढोल वाजत होते, मांडवाचे बांबू अर्ध्या रस्त्यापर्यंत आले होते. लोक बाजूला होत नव्हते. ती हॉर्नवरचा अंगठा न काढता गाडी काढत राहिली. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. तनुजाने सांगितलं होतं. स्पष्ट, मराठीत, कानाशी येऊन सांगितलं होतं, मला बरं वाटत नाही. आणि तिने, सख्ख्या बहिणीने, तिला समजावलं होतं की तुझं चुकतं आहे.

पुलावर ती थांबली नाही. कठड्याकडे पाहिलं, तिथे कुणी नव्हतं, आणि तेवढ्याने काहीच सिद्ध होत नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावरचं दार बंद होतं. बेल वाजवली. थांबली. पुन्हा वाजवली. दारावर तळहात आपटला. "तनू! तनू, दार उघड!" शेजारचं दार उघडून एका मुलीने डोकावलं आणि घाबरून पुन्हा लावून घेतलं.

कडी सरकली. तनुजा दारात उभी होती. साडी तीच, गजराही तोच.

"ताई? एवढ्या लवकर? पूजा संध्याकाळी आहे."

प्रणिता तिला ढकलून आत गेली. घर लख्ख होतं. ओट्यावर एक भांडं नव्हतं. डब्यांना नव्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, तुरीची डाळ, रवा, हिंग, ज्याला या स्वयंपाकघराची माहिती नाही अशा माणसाला सापडावं म्हणून चिकटवतात तशा. पलंगावर ओवीच्या शाळेचे कपडे इस्त्री करून ठेवले होते. दोन जोड नव्हे, होते नव्हते तेवढे सगळे. पुढच्या वर्षी होतील म्हणून घेऊन ठेवलेले मोठ्या मापाचेसुद्धा.

"हे काय आहे, तनू?"

"आवरत होते."

"कुठे निघाली होतीस?"

तनुजा पलंगाच्या कडेवर बसली. तिने एक फ्रॉक मांडीवर घेतला आणि कॉलर सारखी केली. तिच्या आवाजात रडणं नव्हतं, राग नव्हता.

"तुला सांगू का, मी पाच महिने कशी काढली? मी स्वतःला सांगायचे, हा आजार आहे. ताप असतो तसा. ताप उतरतो. उतरला की पुन्हा आधीसारखं होईल, सकाळी उठावंसं वाटेल, ओवीचं बोलणं ऐकू येईल. आत्ता ती बोलते ते मला लांबून आल्यासारखं येतं. पण म्हटलं, थांबू. आजारी माणसाने थांबायचं असतं." तिने फ्रॉक बाजूला ठेवला. "आज कळलं की ताप उतरलाय. मी बरी आहे. आणि आत तर सगळं तसंच आहे. म्हणजे बरं असणं हे असं असतं, ताई. याच्यापुढे काही नाहीच. मग थांबायचं कशासाठी?"

प्रणिता तिच्यापुढे जमिनीवर बसली.

"यंत्र चुकलं."

"ताई, नको. समजूत नको घालूस."

"समजूत सकाळी घातली. आता खरं सांगते. ते यंत्र तोंड कोरडं आहे का एवढंच ऐकतं. आज तुझा उपास होता, म्हणून सहा. मी मघाशी ढसाढसा रडले त्याच्यापुढे, मला पाच दिले. मग पाणी प्यायले तर एकवीस."

"पाणी प्यायलीस?" तनुजाने पहिल्यांदा मान वर केली. "आज?"

"दोन ग्लास."

"भाऊजींना सांगितलंस?"

"ते म्हणतील बरं झालं. तनू, इकडे बघ. तू बरी नाहीस. तू आजारी आहेस. अजून खूप आजारी आहेस. ऐकते आहेस ना? मी सांगते आहे, तू आजारी आहेस."

तनुजाचा चेहरा तसाच कोरा होता, मग हनुवटी थरथरायला लागली. "खरंच?" तिने विचारलं. एखाद्याला बक्षीस लागल्याचं कळावं आणि विश्वास बसू नये, तसं विचारलं. "म्हणजे हे असं नसतं? सगळ्यांना असं नसतं?"

"नसतं गं. कुणालाच नसतं."

मग ती रडली. प्रणिताने तिचं डोकं खांद्यावर घेतलं. काय करायला हवं ते प्रणिता मनाशी जुळवत होती. नितेशला प्रकल्पाच्या फाटकावर निरोप द्यायचा, सासूबाईंना बोलवायचं, आज रात्री आपण इथेच. उद्या दुसरा डॉक्टर, माणूस असलेला. उद्या कोणती गोळी, हे तिला माहीत नव्हतं. तनुजा आजवर खरी गोळी घेत होती की पोकळ, हेही माहीत नव्हतं. राज्यभर कोरड्या तोंडाची किती माणसं आज 'बरी' म्हणून एकटी सोडलेली आहेत, याचा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो जोर लावून मागे ढकलला. आधी अकोला.

तिने बोंद्रेंना फोन लावला. पुण्याहून अजून उत्तर नव्हतं. "बैठक बसली आहे," ते पडेल आवाजात म्हणाले. प्रणिताने फोन ठेवला आणि आजच्या बायकांचे नंबर स्वतःच लावायला घेतले.

पहिली हसत बोलली, मागे मुलं ओरडत होती. दुसरीच्या नणंदेने आधी चिडून ऐकलं, मग घाबरून ऐकलं आणि मी तिच्याजवळच बसते म्हणाली. तिसरा नंबर निर्मला सोळंके यांचा. फोन नवऱ्याने उचलला.

"झोपली आहे ती," तो म्हणाला. "पहिल्यांदाच अशी निवांत झोपली. आज बरी झाली ना, मॅडम. उठवत नाही मी."

"दादा, जरा ऐका, यंत्राचा आकडा..."

"मॅडम, सकाळी तुम्हीच तर सांगितलं. आम्ही देवाला नारळ फोडून आलो. आता पुन्हा काय नवीन?"

तनुजाने डोळे पुसले आणि हात पुढे केला. प्रणिताने फोन तिला दिला.

"भाऊ, मी तनुजा वानखडे," ती म्हणाली. "मी डॉक्टर नाही. मी पण आजच बरी झाले, वहिनींसारखी." ती थांबून ऐकत होती. "किती वेळ झाला झोपून? ... झोपायच्या आधी घर आवरलं का त्यांनी? ... सगळं?" तिने प्रणिताकडे पाहिलं. "खोलीचं दार आतून लावलंय? भाऊ, दार वाजवा. नाही, नंतर नाही. आत्ता जा, मी फोन धरते."

पलीकडे फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज झाला. चपलांचा आवाज लांब गेला. मग कडी वाजली.

"निर्मला," पुरुषाचा आवाज आला. "ए निर्मला, उठ."

तनुजाने बहिणीचं मनगट घट्ट धरलं.

"निर्मला?"

पलीकडे दार वाजत होतं.